कूलर माळ्यावरून उतरवण्याआधी घराची वीज तपासा

होळी झाली की खानदेशात कूलर माळ्यावरून खाली येतात. आखाजीपर्यंत जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, शहादा इथल्या बहुतेक घरांत ते रात्रंदिवस चालू असतात. पारा ४५ अंशांच्या आसपास किंवा त्याच्याही पुढे जातो आणि कूलर बंद ठेवायची सोय राहत नाही. नेमक्या याच दिवसांत आपल्या काळ्या जमिनीला भेगा पडतात. जमीन आटते तशी अर्थिंगच्या पाइपाभोवतीची मातीही आटते आणि पाइपापासून सुटते. पत्र्याची पेटी, तिच्यात पाणी, पाण्यात विजेचा पंप, समोर ओली फरशी आणि अनवाणी माणूस हे सगळं ज्या महिन्यात एकत्र येतं, त्याच महिन्यात घराची अर्थिंग वर्षातली सगळ्यात कमजोर असते.

कोकणात खारं वारं तारा आणि स्क्रू खातं, म्हणून तिकडे गंजापासून सुरुवात करावी लागते. आपल्याकडे सुरुवात कोरड्या मातीपासून करावी लागते. म्हणून या लेखातला क्रम असा: आधी आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा खटका), मग अर्थिंग, मग कूलर आणि त्यानंतर बाकीचं घर. पैसे एकदम खर्च करता येत नसतील तर याच क्रमाने टप्प्याटप्प्याने करा, पण क्रम बदलू नका.

कोणतं काम कोणाचं, हे आधी ठरवून घेऊ. डीपी (गल्लीतला ट्रान्सफॉर्मर), तिथून घरापर्यंत येणारी सर्व्हिस वायर, मीटर आणि त्याचं सील महावितरणचं. त्याला आपण हात लावायचा नाही, शेजारच्या हुशार मुलालाही लावू द्यायचा नाही. बोर्ड उघडून करायचं प्रत्येक काम परवानाधारक वायरमनचं. पाहणी करणं, नोंद ठेवणं आणि वायरमनकडून काम नीट करून घेणं मात्र घरच्या माणसाचं. ते दुसरं कोणी करणार नाही.

पहिली पायरी: दिवसाउजेडी घरभर पाहणी

फेब्रुवारी-मार्चमधली एखादी सकाळ निवडा. कागद-पेन घ्या आणि मेनपासून सुरुवात करा. जुन्या घरांत अजून पांढरे चिनी मातीचे किटकॅट फ्यूज दिसतात, आणि बऱ्याच ठिकाणी फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारांवर एकेक किटकॅट असतो. न्यूट्रलवरचा फ्यूज उडाला तर दिवे बंद होतात, पंखे थांबतात आणि घरात वीज नाही असं वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक बोर्डात फेज जिवंतच असतो. लाइट गेली असं समजून कोणी होल्डरमध्ये हात घातला की घात होतो. न्यूट्रलवर किटकॅट दिसला तर तो कागदावर पहिल्या ओळीत लिहा.

मग खोलीखोलीत फिरा. स्विचची प्लेट पिवळी-तपकिरी पडली आहे का, पिनेच्या भोकांभोवती काळं झालं आहे का, बोर्डाजवळ जळकट वास येतो का, हे पाहा. फ्रीज, मिक्सर, इस्त्री यांच्या वायरला तिसरी पिन आहे का, की कोणी तोडून टाकली आहे? तिसरी पिन तोडून टू-पिनमध्ये बसवलेली वस्तू चालते, म्हणून ती वर्षानुवर्षं तशीच राहते. धाब्याच्या आणि माळवदाच्या घरांत लाकडी पट्टीवरचं जुनं फिटिंग तुळयांच्या कडेने गेलेलं असतं. तिथे उंदरांनी कुरतडलेलं आणि पावसाळ्यात छत झिरपून ओल आलेली जागा हमखास सापडते. हात लावू नका, बॅटरीच्या उजेडात पाहा आणि लिहून ठेवा.

आणखी एक प्रश्न घरातल्या बायकांना आणि मुलांना विचारा: कुठे झिणझिणतं का? कूलरला, फ्रीजच्या दांडीला, मोरीतल्या नळाला, न्हाणीघराच्या ओल्या भिंतीला? "थोड्या मुंग्या येतात, बाकी काही नाही" असं उत्तर आलं तर ती वस्तू त्याच क्षणी पिनेतून काढा. कोरड्या पायाने, चपला घालून ज्या करंटने मुंग्या येतात, त्याच वस्तूला ओल्या पायाने हात लागला तर जीव जाऊ शकतो.

दुसरी पायरी: आरसीसीबी

बहुतेकांना वाटतं की एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका) बसवली म्हणजे शॉकपासून सुटका झाली. तसं नाही. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. माणसासाठी आरसीसीबी लागतो. हे आकड्यांत समजून घ्या, कारण ते कळल्यावर या खर्चाला कोणी नाही म्हणत नाही.

समजा मे महिन्यात तुमच्या घराच्या अर्थिंगचा रोध २० ओहम झाला आहे आणि डीपीच्या बाजूचा ३ ओहम आहे. कूलरच्या आत फेजची तार सोलवटून पत्र्याला टेकली. २३० व्होल्ट भागिले २३ ओहम, म्हणजे १० अँपिअर करंट अर्थिंगमधून जमिनीत जाईल. बोर्डात १६ अँपिअरची एमसीबी आहे. तिच्यासाठी १० अँपिअर म्हणजे नेहमीचा भार, ती पडणारच नाही. सी प्रकारची १६ अँपिअरची एमसीबी क्षणात पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. तोवर कूलरच्या पत्र्यावर सुमारे २०० व्होल्ट उभे असतात. अर्थिंग "केलेली" आहे, एमसीबी "नवी" आहे, आणि तरीही कूलरला हात लावणाऱ्याला पूर्ण झटका बसतो.

आरसीसीबी वेगळ्या तत्त्वावर चालतो. फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच तो सतत पाहतो. मध्ये कुठे गळती झाली, मग ती अर्थिंगमधून असो की माणसाच्या अंगातून, आणि फरक ३० मिलिअँपिअरपर्यंत गेला, की तो ०.३ सेकंदाच्या आत पुरवठा तोडतो. गळती मोठी असेल तर त्याहून लवकर. वरच्या उदाहरणात १० अँपिअर, म्हणजे १०,००० मिलिअँपिअर गळती आहे. तार पत्र्याला टेकताक्षणीच तो पडेल, कूलरला कोणी हात लावायच्या आधीच.

घेताना काय मागायचं? घराला सिंगल फेज असेल तर दोन पोलचा, ४० अँपिअरचा, ३० मिलिअँपिअर संवेदनक्षमतेचा, टाइप ए आणि आयएसआय खुणेचा. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचाही मिळतो, तो आगीपासून बचावासाठी असतो. माणसासाठी ३०च हवा. मेनची एमसीबी आरसीसीबीच्या अँपिअरपेक्षा मोठी नसावी, ३२ची असली तर जोडी बरोबर जमते. घर मोठं असेल तर दोन आरसीसीबी घ्या, म्हणजे मोरीतल्या एका गळतीने सगळं घर अंधारात जाणार नाही. त्याची किंमत चांगल्या कूलरपेक्षा कमीच असते.

बसवल्यावर तो सारखा पडू लागला तर वायरमन कधीकधी म्हणतो, "तुमच्या घराला हे जमत नाही, बायपास करून देतो." ते ऐकू नका. तो पडतोय म्हणजे घरात गळती तरी आहे, नाहीतर दोन सर्किटांचे न्यूट्रल एकमेकांत मिसळलेले आहेत. जुन्या फिटिंगमध्ये आणि नंतर जोडलेल्या इन्व्हर्टरच्या वायरिंगमध्ये ही मिसळ फार असते. एकेक सर्किट सोडवून शोधावं लागतं, वेळ लागतो, त्या वेळेचे पैसे वायरमनला मोकळ्या मनाने द्या.

आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबा. खटका पडला पाहिजे. नाही पडला तर नवीन आणा. मात्र हे बटण फक्त त्या उपकरणाची परीक्षा घेतं, अर्थिंगची नाही. आणखी एक मर्यादा लक्षात ठेवा: एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला तर आरसीसीबीला तो माणूस म्हणजे एक साधा दिवाच वाटतो. तिथे तो वाचवत नाही.

तिसरी पायरी: काळ्या जमिनीतली अर्थिंग

काळी माती ओली असताना अर्थिंगला फार चांगली. अडचण तिच्या आटण्यात आहे. तापी-गिरणेच्या काठच्या खोल काळ्या जमिनीत उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि वरच्या थरातला पाइप जवळजवळ हवेतच उभा राहतो. म्हणून दोन-तीन फूट सळई ठोकून केलेली अर्थिंग श्रावणात चालते आणि वैशाखात दगा देते.

पाइप किमान अडीच मीटरचा, ४० मिलिमीटर व्यासाचा, जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा), खालच्या बाजूला भोकं पाडलेला घ्या. जमत असेल तर तीन मीटर खोल जा, म्हणजे खालचं टोक ओल टिकणाऱ्या थरात राहील. जागा निवडताना मोरीचं सांडपाणी किंवा कूलरचं पाणी जिथे मुरतं त्याच्या जवळची पण घराच्या पायापासून किमान दीड मीटर दूरची निवडा. भोवती कोळसा आणि मिठाचे थर देण्याची जुनी रीत अजूनही चालते, पण मीठ पाइपालाही हळूहळू खातं, त्यामुळे काही वर्षांनी तो पाइप बदलावा लागतो. तांब्याचा मुलामा दिलेला रॉड आणि त्याबरोबर मिळणारी तयार पावडर महाग पडते, टिकते जास्त. कोणतीही रीत निवडा, वर पाणी घालायला नरसाळं आणि झाकण असलेला छोटा हौद बांधून घ्याच. फाल्गुनापासून पाऊस पडेपर्यंत दर दोन-चार दिवसांनी त्यात बादलीभर पाणी ओता. हे काम घरातल्या एका माणसाच्या नावावर लावून द्या.

साक्री, नवापूर, धडगावकडे माती पातळ आणि खाली मुरूम किंवा काळा पाषाण. तिथे अडीच मीटर जाताच येत नाही. अशा ठिकाणी दोन किंवा तीन पाइप, प्रत्येकात निदान पाइपाच्या लांबीइतकं अंतर ठेवून घाला आणि वर जाड पट्टीने किंवा तारेने एकमेकांना जोडा. खड्ड्यापासून बोर्डापर्यंत आठ नंबरची जीआय तार सलग आणा, मध्ये पिळ मारून सांधा देऊ नका. पाइपाचा क्लॅम्प आणि नट दर उन्हाळ्यात घासून घट्ट करा. बहुतेक अर्थिंग जमिनीत नाही, त्या नटाशी मरते.

तपासणी कशी करायची? फेज आणि अर्थ यांच्यामध्ये १०० वॅटचा बल्ब लावून तो पेटला की "अर्थिंग ओके" म्हणायची पद्धत आहे. त्या बल्बला अर्धा अँपिअरही लागत नाही. ५० ओहमच्या रद्दी अर्थिंगवरही तो जवळजवळ पूर्ण पेटतो. अर्थिंग जोडलेली आहे एवढंच त्यावरून कळतं. खरं मोजमाप अर्थ टेस्टरने होतं, जमिनीत दोन जादा सळया ठोकून. ज्या ठेकेदाराकडे तो आहे त्यालाच बोलवा आणि मोजणी एप्रिल-मेमध्ये करा, जुलैत नको. पाच ओहमच्या आत आलं तर उत्तम. ऐन उन्हाळ्यात दहा-पंधरा आलं आणि आरसीसीबी चालू असेल तर तेवढ्यावर काम भागतं. मोजलेला आकडा आणि तारीख बोर्डाच्या दाराच्या आतून लिहून ठेवा.

एक गोष्ट कोणालाही करू देऊ नका: खड्डा खणायचा कंटाळा म्हणून बोर्डातल्या न्यूट्रललाच अर्थची तार जोडून देणं. डीपीकडचा न्यूट्रल ज्या दिवशी तुटेल त्या दिवशी फ्रीज, कूलर, वॉशिंग मशीन, सगळ्यांच्या अंगावर एकदम करंट उतरेल. नळाच्या पाइपालाही अर्थ जोडू नका. लोखंडी नळ मध्येच कुठेतरी पीव्हीसीचा झालेला असतो.

चौथी पायरी: कूलर

कूलर खाली उतरवला की तो पिनेत घालायच्या आधी उलटापालटा करून पाहा. वायर तीन तारांचीच हवी. दोन तारांची असेल तर बदलाच. हिरवी तार पत्र्याला नुसती गुंडाळलेली नसावी. त्या जागेचा रंग घासून काढून नट-बोल्ट आणि वॉशरने आवळलेली हवी. मल्टीमीटर असेल तर टॉपची (वायरच्या टोकाच्या प्लगची) मोठी पिन आणि कूलरचा उघडा पत्रा यांच्यात ओहम मोजा, एकाच्या आत यायला हवं. मग मोठी पिन सोडून उरलेल्या दोन पिना आणि पत्रा यांच्यात वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (आवरणातून वीज गळते का हे मोजणाऱ्या यंत्राने) तपासून घ्या. एक मेगाओहमपेक्षा कमी दाखवलं तर मोटर किंवा पंप बदलायचा.

पंपाची वायर सगळ्यात जास्त दगा देते. वर्षभर माळ्याच्या उष्णतेत तिचं आवरण कडक होतं आणि वाकवलं की तडकतं. पंपाच्या वायरला पाण्याच्या पातळीखाली जोड नसावाच, चिकटपट्टी कितीही गुंडाळली तरी. लांबी कमी पडत असेल तर नवा पंप घ्या. जोड द्यायचाच असेल तर तो टाकीच्या वर, बंद डबीत.

पाणी भरताना टॉप पिनेतून बाहेर काढायचा. नुसता स्विच बंद करून भागत नाही, कारण बऱ्याच कूलरमध्ये आणि बोर्डांतही स्विच चुकून न्यूट्रलवर जोडलेला असतो. स्विच बंद, पंखा थांबलेला, आणि पंपापर्यंत फेज आलेला. लहान मुलांना पाणी भरायला पाठवू नका. कूलर विटांवर किंवा स्टँडवर ठेवा, सांडलेलं पाणी पायाखाली येणार नाही अशा बाजूला. आणि त्याची पिन जमिनीवर लोळणाऱ्या एक्स्टेंशनमध्ये कधीच नको.

पाचवी पायरी: वायर, एमसीबी आणि आपली उष्णता

पीव्हीसीचं आवरण ७० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेलं असतं. दुपारी स्लॅबमधून गेलेल्या पाइपात मुळातच पन्नासच्या आसपास तापलेलं असतं, त्यामुळे वायरला स्वतः गरम व्हायला फारशी जागा उरत नाही. म्हणून पुस्तकात लिहिलेल्या मापापेक्षा आपल्याकडे एक माप मोठं घेणं शहाणपणाचं. दिव्या-पंख्याला दीड चौरस मिलिमीटरची, १६ अँपिअरच्या पिनेला अडीचऐवजी चारची, एसीला स्वतंत्र चारची आणि २० अँपिअरची सी प्रकारची एमसीबी. मीटरपासून बोर्डापर्यंत निदान सहाची, एसी आणि गीझर दोन्ही असतील तर दहाची. जुन्या ॲल्युमिनियमच्या वायरला तांब्याची वायर पिळून जोडलेली असेल तर तो सांधा तापतोच, तो काढा.

उन्हाळ्यात दुपारी एमसीबी पडू लागते आणि मग १६ काढून ३२ची बसवली जाते. असं केलं की वायर तिच्या ताकदीपेक्षा जास्त करंट नेते आणि आग लागायला वाट मोकळी होते. घरगुती एमसीबी ३० अंशांना धरून जुळवलेली असते. पश्चिमेच्या भिंतीवर, ओट्यावर उन्हात तापलेल्या डब्यात ती लवकर पडणार. आधी तिचे स्क्रू आवळून घ्या, भार वाटून द्या, बोर्ड सावलीत हलवा.

जुने पंखे बदलून बीएलडीसी घेतले तर ७०-७५ वॅटच्या जागी ३०-३५ वॅट लागतात. इन्व्हर्टरची बॅटरी जास्त वेळ पुरते आणि जुन्या वायरिंगवरचा ताणही उतरतो.

घराबाहेर: पत्रे, तार, गोठा, मोटर

कपडे वाळत घालायची जीआय तार पत्र्याच्या पडवीला किंवा विजेच्या खांबाला बांधलेली असेल तर आजच काढा आणि नायलॉनची दोरी लावा. सर्व्हिस वायर पत्र्यावर घासून सोलवटते, पत्र्यात करंट उतरतो, तो तारेत येतो, आणि ओले कपडे टाकायला गेलेल्या बाईच्या हातात. अशा बातम्या दर पावसाळ्यात येतात. सर्व्हिस वायर पत्र्याला टेकत असेल तर महावितरणकडे १९१२ वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

गोठ्यात दिवा उंच, बंद फिटिंगचा आणि वायर पाइपातून. जनावरांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, त्यामुळे जमिनीत उतरलेला करंट माणसाला जाणवायच्या आधी बैलाला मारतो. गोठ्याचं सर्किट आरसीसीबीच्या कक्षेत आणाच.

नळाला पाणी आलं की थेट नळाला मोटर लावायची सवय शहरांत पसरली आहे. तो गुन्हा तर आहेच, पण ओल्या अंगणात, उघड्या जोडाच्या वायरवर, लोखंडी पाइपाशी बसून हे चालतं. टाकीत पाणी घ्या आणि मोटर टाकीवर, पक्क्या पिनेवर, अर्थिंगसह लावा. रानडुकरांसाठी कुंपणात वीज सोडणं हा प्रकार सातपुड्याच्या पायथ्याशी अजून ऐकू येतो. त्यात शेजाऱ्याचं पोर मरतं आणि शेतमालक तुरुंगात जातो.

श्रावणात कानबाई बसते तेव्हा घर पाहुण्यांनी भरतं आणि दोन दिवसांपुरती रोषणाई लागते. त्या माळांनाही तीच शिस्त: पिनेतूनच जोडणी, बोर्डाच्या भोकांत उघड्या तारा खोचणं नाही.

न्यूट्रल तुटणं, इन्व्हर्टर, सोलर

काही दिवे एकदम लख्ख, काही मिणमिणते, पंख्याचा आवाज बदललेला, असं दिसलं तर डीपीकडचा न्यूट्रल तुटल्याची शक्यता धरा आणि पळत जाऊन मेन बंद करा. अशा वेळी घरात २३०च्या जागी ४००च्या जवळपास व्होल्ट येऊ शकतात. जिथे असं वारंवार होतं तिथे जादा व्होल्टेजला आपोआप तोडणारं उपकरण मेनवर बसवून घ्या.

लाइट गेल्यावर घर इन्व्हर्टरवर असतं, तेव्हा मेनमधल्या आरसीसीबीवर भरवसा ठेवता येत नाही. त्या वेळी कूलर आणि मोरीतल्या पिना चालू ठेवू नका, किंवा इन्व्हर्टरच्या बाजूला वेगळा आरसीसीबी बसवता येईल का, हे वायरमनकडून पाहून घ्या.

सोलरला आपल्याकडे ऊन भरपूर. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेत २ किलोवॉटला ६०,००० आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे. ठेकेदाराकडून पॅनेलच्या सांगाड्याची आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकाची अर्थिंग वेगवेगळ्या खड्ड्यांत करून घ्या आणि दोन्हींचं मोजमाप लेखी मागा. ऊन आहे तोवर पॅनेलच्या तारांत वीज असतेच, घरचा मेन बंद केला तरी. धूळ धुवायची ती भल्या पहाटे.

शॉक लागलाच तर

माणसाला हात लावू नका. मेन बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने त्याला तारेपासून दूर करा. तार बाहेरच्या लाइनची असेल तर दहा मीटर लांबच राहा आणि महावितरणला कळवा. तो पुरवठा तुम्ही तोडू शकत नाही.

माणूस सुटल्यावर श्वास नसेल तर १०८ला फोन लावायला एकाला सांगा आणि लगेच छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाब द्यायला लागा: पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, रुग्णवाहिका येईपर्यंत न थांबता, दमलात तर दुसऱ्याला बसवून. मातीत पुरणं, अंगावर पाणी ओतणं यात वेळ घालवू नका. आणि माणूस उठून बसला, "मी बरा आहे" म्हणाला, तरी त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन ईसीजी काढून घ्या, कारण हृदयाचे ठोके बिघडलेले बाहेरून दिसत नाहीत.